गाडीतली हवेची गळती शोधणारा धुराचा डबा घरी कसा बनवावा

गाडी सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा आपोआप वरखाली होतो, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन मिसिंग मारतं, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर जोडला की पी०१७१ हा कोड दिसतो. या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जाते आहे. तरीही कोड दिसला की बऱ्याच ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, मग स्पार्क प्लग, मग इंजेक्टर साफ होतात. बिल वाढत जातं आणि दोष जागेवरच राहतो. कारण अनेकदा तो असतो कुठल्यातरी रबरी नळीला गेलेल्या बारीक चिरेत.

ही चीर हाताला लागत नाही आणि बॅटरीच्या उजेडातही दिसत नाही. तिच्यातून धूर बाहेर आला की मात्र पाच मिनिटांत सापडते. मोठ्या गॅरेजमध्ये यासाठी तयार यंत्र असतं. त्याच तत्त्वावर चालणारा डबा घरी बनवता येतो, आणि स्वतःच्या गाडीपुरता तो पुरेसा असतो. फक्त एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. धूर करणं सोपं आहे, खरं काम आहे त्यामागचा दाब आवरण्याचं. व्हिडिओ बघून डबा बनवणारे बहुतेक जण धुराकडे लक्ष देतात आणि दाबाकडे दुर्लक्ष करतात. हा लेख म्हणून दाबापासूनच सुरू करतो.

दाब किती हवा, आणि का

पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढच्या भागात, म्हणजे इन्टेक मॅनिफोल्डमध्ये, जोरदार ओढ असते. चीर असेल तर तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते. ही हवा एअर फिल्टरजवळच्या सेन्सरने मोजलेली नसते, त्यामुळे ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, हिशेब चुकतो. आपण चाचणी उलट्या दिशेने करतो: इंजिन बंद ठेवून आतून हलका दाब द्यायचा आणि हवा कुठून बाहेर पडते ते बघायचं.

हा दाब १ पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही. टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय भरतो, त्यापुढे हा आकडा नगण्य वाटतो, पण इंजिनचे ऑइल सील आणि गॅस्केट टायरसारखे दाब धरायला बनवलेले नाहीत. ब्रीदरच्या नळीतून हा दाब थेट क्रँककेसपर्यंत, म्हणजे इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या भागापर्यंत, पोचतो. टायरचा कॉम्प्रेसर सरळ जोडला, तर एक गळती शोधता शोधता दुसरी तयार होईल.

१ पीएसआय म्हणजे जवळपास ७० सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब. इथेच आपलं काम स्वस्तात होतं. महागडा रेग्युलेटर नको, मीटर नको. मीटरभर लांबीचा ४०-५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, खालचं तोंड एन्ड कॅप आणि सोल्यूशनने बंद करा आणि तो उभा बांधा. हवेच्या नळीला एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून तिची एक शाखा या पाइपात तळाजवळ सोडा. नळी वर तरंगू नये म्हणून टोकाशी एक-दोन जड नट बांधा. आता नळीच्या टोकापासून मोजून ७० सेंटिमीटर पाणी भरा. दाब १ पीएसआयच्या वर जायला लागला की जादा हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. बिघडण्यासारखं यात काहीच नाही.

शिवाय हा पाइप तुमच्याशी बोलतो. गाडीला नळी जोडल्यावर थोड्या वेळाने बुडबुडे यायला लागले, तर आत दाब धरला जातो आहे, म्हणजे गळती नाही किंवा अगदी बारीक आहे. बुडबुडे येतच नसतील तर सगळी हवा कुठूनतरी निसटते आहे. धूर सुरू करण्याआधीच एवढं कळतं.

हवेसाठी माशांच्या टाकीचा एअर पंप वापरा. त्याची ताकदच इतकी कमी असते की चूक झाली तरी तो फार दाब देऊ शकत नाही, आणि तो तासन् तास चालतो. टायर इन्फ्लेटर नको. त्याचा झोत एवढा असतो की बारीक नळीतून जादा हवा वेळेत निघत नाही आणि पाण्याचा पाइप असून नसल्यासारखा होतो. पंप विकत घेताना दोन नळ्यांचा, जरा मोठा घ्या. अगदी छोटा पंप ७० सेंटिमीटर पाण्याखाली बुडबुडे काढू शकत नाही. तसं झालं तर पाणी ५० सेंटिमीटरवर आणा, चाचणी तरीही होते. पंप आणि टी यांच्यामध्ये मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे पंप बंद झाल्यावर पाणी किंवा धूर त्याच्यात मागे येणार नाही.

डबा

या डब्यात विजेवर तापणारा प्लग तेलाचा धूर करतो आणि पंपाची हवा तो गाडीकडे ढकलते. रंगाच्या दुकानातून एक लिटरचा नवा, रिकामा, दाबून बसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाचा डबा मागून घ्या. वापरलेला नको, त्याच्या सांध्यात अडकलेल्या थिनरची वाफ तापलेल्या प्लगजवळ पेट घेऊ शकते. चार लिटरचाही नको. १ पीएसआय दाब एक लिटरच्या डब्याच्या झाकणावर साधारण चार-साडेचार किलोचा जोर लावतो, तेवढा ते झाकण नीट ठोकून बसवलं की सहन करतं. मोठ्या डब्याच्या झाकणावर हाच जोर दुप्पट-तिप्पट होतो आणि ते उडतं. झाकण तारेने किंवा क्लॅम्पने कधीही आवळू नका. आत कधी भडका झालाच, तर झाकण सुटून दाब मोकळा व्हायला हवा. तीच या डब्याची सुरक्षा आहे.

झाकणाला तीन भोकं पाडायची: एक ग्लो प्लगसाठी, एक हवा आत येण्यासाठी, एक धूर बाहेर जाण्यासाठी. हवा आणि धुरासाठी बॅक नट असलेले पितळी निपल लावा, दोन्ही बाजूंनी वॉशर आणि उष्णता सहन करणारं लाल आरटीव्ही सिलिकॉन. सिलिकॉन एक रात्र सुकू द्या. एपॉक्सीची पुटी इथे चालत नाही, तापली की मऊ पडते.

ग्लो प्लग म्हणजे डिझेल इंजिनात थंडीत सिलिंडर तापवणारा प्लग. जुना चालतो, पण त्यावर छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय घेऊ नका. ११ किंवा १२ व्होल्टचाच हवा. अलीकडच्या अनेक डिझेल गाड्यांचे प्लग ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. बॅटरीला थेट लावले तर काही सेकंदांत जळतात. दुसरी अडचण आट्यांची. बरेच ग्लो प्लग एम१० बाय १ या बारीक आट्यांचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा १० नंबरचा नट त्यावर बसत नाही. जबरदस्ती करू नका. लेथवाल्याकडे प्लगच घेऊन जा, तो त्या मापाचा नट किंवा बुश करून देतो. पुण्यात नाना पेठ आणि बोहरी आळी, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, कोल्हापुरात उद्यमनगर अशा भागांत एका फेरीत सगळा माल जमतो.

ग्लो प्लगला वरच्या बाजूला एकच टोक असतं, तिथे बॅटरीचा प्लस जातो. मायनस त्याच्या बॉडीतून येतो. डब्याच्या पत्र्यावर लाख किंवा रंगाचा थर असतो, त्यावर भरवसा न ठेवता मायनसची वायर रिंग टर्मिनल लावून थेट प्लगच्या नटाखाली आवळा.

आता वात. प्लगचं तापणारं टोक डब्यात उघडं राहता कामा नये, ही दुसरी ठाम अट. ते शेकडो अंशांपर्यंत तापून लालबुंद होतं. तेलाची वाफ, हवा आणि उघडा लाल धातू एकत्र आले की भडका उडतो. मोटर वायंडिंगच्या दुकानात फायबर ग्लासची स्लीव्ह मिळते, गॅस्केटवाल्याकडे ग्लास रोप मिळतो. त्यातलं काहीही प्लगच्या टोकाला घट्ट गुंडाळा, तांब्याच्या तारेने बांधा आणि एक-दोन शेपट्या खाली तेलात लोंबू द्या. सुती कापड किंवा स्टोव्हची सुती वात नको. ती जळते, राख होते आणि टोक उघडं पडतं.

तेल कोणतं? औषधाच्या दुकानात मिळणारं साधं लिक्विड पॅराफिन. बेबी ऑइलही बहुतेक वेळा तेच असतं, फक्त सुगंध घातलेलं. डब्याच्या तळाशी दीड-दोन सेंटिमीटर थर येईल एवढं, म्हणजे दीडशे मिलीच्या आसपास ओता. प्लगचं टोक तेलाच्या वर राहिलं पाहिजे, फक्त वात बुडाली पाहिजे. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, थिनर यांतलं काहीही या डब्यात घालायचं नाही, थोडंसुद्धा नाही. जळकं इंजिन ऑइलही नको, त्याचा धूर घाण असतो आणि इंजिनात काजळी धरतो. अगरबत्ती किंवा धुपाचा धूर फुंकणारेही बघितले आहेत. त्यात राख जाते, चिकटा जातो, आणि पेट्रोलच्या नळ्यांजवळ पेटता निखारा नेणं मला अजिबात मान्य नाही.

वायरिंग

प्लग चालू होताना १५ ते २० अँपिअरपर्यंत करंट ओढतो. त्यामुळे बारीक वायर चालणार नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीच्या प्लसजवळ २० अँपिअरचा फ्यूज, एक हॉर्न रिले आणि तो चालवायला दाबून धरायचं बटण. बटण दाबलेलं राहणारं नको. बोट काढलं की प्लग बंद झाला पाहिजे, म्हणजे गाडीखाली वाकून बघण्याच्या नादात तो चालू राहणार नाही. शक्यतो बॅटरी दुसरी वापरा, तपासायच्या गाडीची नको. जोडताना उडणारी ठिणगी गाडीपासून लांब राहते.

धुराच्या नळीसाठी ८ मिलिमीटरचा फ्यूएल होज घ्या, दीड-दोन मीटर लांब. लांबीमुळे धूर थंड होतो आणि तेलाचे थेंब नळीतच बसतात.

जोडणीचा क्रम असा: पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टी. टीच्या एका बाजूला पाण्याचा पाइप, दुसऱ्या बाजूला डबा, डब्यातून धुराची नळी गाडीकडे. टी पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. डबा कोरड्या वाळूने भरलेल्या बादलीत अर्धा पुरून ठेवा. तो कलंडत नाही, आणि आग लागलीच तर वाळू हाताशी असते.

गाडीआधी बाटलीवर

नवख्या माणसाने पहिला धूर गाडीत सोडू नये. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, झाकणातून धुराची नळी आत घालून सील करा आणि बाटलीला तापवलेल्या सुईने एक भोक पाडा. पंप चालू करा. भोकावर बोट ठेवल्यावर पाइपात बुडबुडे यायला हवेत. येत नसतील तर गळती तुमच्याच डब्यात आहे. सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून ती आधी बंद करा. मग बटण वीस-तीस सेकंद दाबा, सोडा, मिनिटभर थांबा. काही वेळात भोकातून दोऱ्यासारखी पांढरी रेघ निघेल. ती नीट बघून घ्या, कारण गाडीतही तुम्ही हेच शोधणार आहात. ढग दिसेल अशी अपेक्षा ठेवली तर खरी गळती नजरेतून सुटते.

गाडीवर

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. थंड रबर आक्रसलेलं असतं आणि चीर उघडी असते, शिवाय तापलेल्या एक्झॉस्टजवळ तेलाचा धूर न्यायचा नाही. जागा उघडी पण वारा नसलेली: पार्किंगचा आडोसा, संध्याकाळची वेळ. बंद गॅरेजमध्ये करू नका, ही तेलकट धुक्याची वाफ छातीत जाणं चांगलं नाही. पोरांना लांब ठेवा. अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी चाचणी नाही, आधी तो वास कुठून येतो ते बघा. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा.

एअर फिल्टरच्या डब्यातून थ्रॉटलकडे येणारी जाड रबरी नळी सोडवा आणि तिचं तोंड बंद करा. नळीच्या मापाची पीव्हीसी एन्ड कॅप, तिच्याभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा आणि वरून होज क्लॅम्प, एवढ्याने काम होतं. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे, तिथे कॅप सेन्सरच्या पुढे, थ्रॉटलच्या बाजूला लावा. सेन्सरच्या तारेवर तेल बसू द्यायचं नाही. धूर आत सोडायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे मॅनिफोल्डवरचं ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या भागाच्या) नळीचं निपल. बूस्टरची नळी मॅनिफोल्डकडून काढा आणि तिथे आपली नळी लावा. बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे ती नळी मात्र हाताने वेगळी तपासावी लागते.

आधी फक्त हवा. बुडबुडे बघा. मग बटण: वीस-तीस सेकंद चालू, मिनिटभर बंद. मॅनिफोल्ड भरायला पाच-दहा मिनिटं लागतात, घाई करून प्लग सतत चालू ठेवू नका. वात सुकली की टोक उघडं पडल्यासारखंच आहे.

टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरा आणि मागे काळा पुठ्ठा ठेवा, रेघ उठून दिसते. मी या क्रमाने बघतो: रबरी नळीच्या घड्यांच्या आत, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इन्टेकमध्ये नेणारी) नळी आणि तिचं कोपऱ्यातलं वळण, मॅनिफोल्डवरची छोटी रबरी टोपणं, थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग, आणि शेवटी मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो तो सांधा. पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या आपल्याकडे नेहमी सापडतात, त्यामुळे इंजिनच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला आरसा धरूनही बघा. जुन्या पद्धतीचं सीएनजी किट असलेल्या गाडीत बॅकफायरने इन्टेकची नळी किंवा फिल्टरचा डबा फाटलेला असू शकतो.

काही ठिकाणी धूर दिसतो, पण ती गळती नसते. सायलेन्सरमधून धूर आला तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी थोडे उघडे असण्याची शक्यता आहे. हँडब्रेक काढून, टॉप गिअर टाकून गाडी वीतभर ढकला, क्रँक फिरेल आणि तो बहुधा थांबेल. तरीही थांबला नाही तर ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इन्टेकमध्ये सोडणारा) उघडा अडकला आहे का ते तपासा. ऑइल भरायच्या झाकणातून किंवा डिपस्टिकमधून येणारा धूर मात्र सोडून देऊ नका, ती रबरं सुकलेली असतात आणि काही गाड्यांत तेवढ्यानेही आयडलिंग बिघडतं.

एक गोष्ट निदानासाठी लक्षात ठेवा. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर फ्लो सेन्सरच नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. अशा गाडीत गळती झाली तर कोड न येता फक्त आयडलिंग वाढतं. कोड नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) बघा: आयडलिंगला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला बराच खाली येत असेल, तर धुराचा डबा बाहेर काढायला हरकत नाही.

एक्झॉस्ट, टर्बो आणि पेट्रोलची टाकी

एक्झॉस्टसाठी सायलेन्सरच्या टोकात नळी घालून भोवती ओलं फडकं कोंबा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं सांगतो. सायलेन्सरच्या तळाला पाणी निचरण्यासाठी ठेवलेलं बारीक भोक असू शकतं, तिथला धूर बघून वेल्डिंगवाल्याकडे धावू नका.

टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरच्या नळ्यांची उघडी चीर या डब्याने सापडते. पण काही चिरा टर्बोचा पूर्ण दाब आला तरच उघडतात. त्या १ पीएसआयला गप्प राहतात आणि त्यांच्यासाठी दाब वाढवण्याचा मोह आवरा; ते काम योग्य क्लॅम्प असलेल्या वेगळ्या साधनाचं आहे. मोटरसायकलवर मात्र हा डबा फार छान चालतो. कार्ब्युरेटर आणि हेडमधलं रबर तडकलं असेल तर मिनिटभरात कळतं.

पेट्रोलची टाकी, तिची कॅप, कॅनिस्टर (टाकीतली वाफ साठवणारा डबा) आणि त्यांच्या नळ्या यांच्यावर हा डबा लावायचा नाही. पी०४४२ किंवा पी०४५५ असे याच भागातली गळती सांगणारे कोड आले तरी नाही. तिथे पेट्रोलची वाफ भरलेली असते, आणि आपण हवा ढकलतो आहोत, तीही तापलेल्या प्लगवरून. या भागासाठी नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूवर चालणारं यंत्र असलेलं गॅरेज गाठा.

सापडल्यावर

चीर सापडली की तिथे खडूने खूण करा आणि शोध चालू ठेवा. एक नळी कडक होऊन तडकली असेल तर तिच्याच वयाच्या शेजारच्या नळ्याही त्याच वाटेवर असतात. टेप किंवा एम-सील लावून भागवू नका. आत ओढ असल्यामुळे टेपचा कपटा खेचला जाऊ शकतो. नळी बदलताना व्हॅक्यूमसाठीचीच जाड भिंतीची घ्या, पातळ नळी ओढीने चपटी होते. ब्रेक बूस्टरची नळी तडकलेली निघाली तर त्या गाडीच्या मापाची नवी नळी येईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, कारण ब्रेकला मिळणारी मदत तिच्यावर चालते.

दुरुस्तीनंतर डबा पुन्हा जोडा. आधी जिथे बुडबुडे येत नव्हते, तिथे आता ते संथपणे येत राहिले पाहिजेत. मग सगळं जागेवर बसवा, कोड पुसा आणि गाडी चालू करा. पहिली एक-दोन मिनिटं सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर येतो, तो आत बसलेल्या तेलाचा असतो. डबा पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढा, वात काळी पडून तुटायला लागली असेल तर बदला आणि उरलेलं तेल बाटलीत गाळून ठेवा.